हंगाम संपला, काळजी संपली नाही : एका द्राक्ष बागायतदाराचं प्रकरण

द्राक्ष बागायतदाराला काळजी वाटते, यात आजार कुठून आला? निफाड-दिंडोरीकडून नाशिकला तपासायला येणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार महिने एकरी लाखांनी पैसा बागेत जातो. तो परत येणार की नाही, हे आभाळ ठरवतं. पोंग्यात, म्हणजे फूट निघताना, पाऊस आला तर डावणी ही बुरशी, फुलोऱ्यात आला तर गळ आणि कूज, माल तयार झाल्यावर आला तर मणी तडकतात. त्यातूनही माल निघालाच, तर व्यापारी पैसे वेळेवर देईल का, हे वेगळंच. अशा माणसाला रात्री झोप लागली नाही म्हणून त्याला रुग्ण ठरवायचं का?

नाही ठरवायचं. पण ज्या गृहस्थांविषयी मी लिहिते आहे, ते रुग्ण होते. त्यांचं संकट खोटं होतं म्हणून नव्हे. संकट खरंच होतं. तरीही ते आजारी होते, आणि हे घरच्यांना पटवून देण्यात उपचारांचा पहिला महिना गेला.

घरात त्यांना सगळे नाना म्हणतात, इथेही तेच म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि त्याच वळणाने गेलेल्या आणखी काही रुग्णांचे बारकावे यात मिसळले आहेत.

आले कसे

नाना पंचेचाळिशीचे. चार एकर बाग, सगळी थॉमसन जातीची. बांधाला बांध लागून थोरल्या भावाची, अण्णांची बाग. मुलगा नाशिकला कॉलेज रोडजवळ खोली घेऊन इंजिनीअरिंग शिकतो, मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला, आणि घरात वयस्कर आई.

मे महिन्यात ते एका फिजिशियनची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे मानसिक उपचारांसाठी आले. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभराचे रिपोर्ट होते : तीन वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, एंडोस्कोपी. सगळे नॉर्मल. तक्रारी मात्र चालूच. छातीत धडधड, मानेत आणि खांद्यात सतत ताठरपणा, पोटात गोळा, हाताला मुंग्या, तीनच्या सुमाराला जाग आणि नंतर झोप नाही. प्रत्येक रिपोर्टनंतर त्यांना एकच वाक्य ऐकायला मिळालं होतं : ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.’

या वाक्यावर माझा खरा राग आहे. धडधड ज्याला प्रत्यक्ष जाणवते आहे, त्याला ‘काहीच नाही’ म्हटलं तर तो एवढंच समजतो की अजून काही सापडलेलं नाही. मग तो पुढच्या डॉक्टरकडे जातो. दुसऱ्या नॉर्मल ईसीजीच्या वेळीच कुणी नीट बसवून सांगितलं असतं, की ही धडधड खरी आहे, ती हृदयाच्या आजारातून नव्हे तर चिंतेतून येते आहे, आणि तिच्यावर उपचार आहेत, तर नानांचं जवळजवळ वर्ष वाचलं असतं. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं, की चिंता आणि नैराश्यासारखे नेहमीचे मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. यातले सगळे घरी बसून नसतात. बरेचसे नानांसारखे पिशवी घेऊन दवाखान्यातून दवाखान्यात फिरत असतात.

नाना स्वतः फार बोलले नाहीत. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी. रात्री उठून ओट्यावर उभे राहतात, म्हणाल्या. मोबाइलमध्ये हवामानाची तीन ॲप, एकात पाऊस नसला तर दुसरं उघडायचं, दुसऱ्यात नसला तर तिसरं. पोराला रात्रीतून तीन-तीनदा फोन. पोरगं वैतागून फोन बंद ठेवायला लागलं, तर हे मोटारसायकल काढून नाशिकला निघाले, रात्री एक वाजता. सासूबाईंनी त्र्यंबकला जाऊन शांत करून घेतली. त्यानंतर चार दिवस बरे होते, मग पुन्हा तेच.

मी नानांना विचारलं, काळजी नेमकी कशाची वाटते? ते म्हणाले, “पावसाची, मॅडम. दुसरं काय असणार आमच्याकडं?”

महिना मे होता. माल मार्चमध्येच उतरला होता, आणि वर्ष चांगलं गेलं होतं. पैसे खात्यावर जमा होते, हंगामानंतरची खरड छाटणी वेळेवर झाली होती. मी हे एकेक करून विचारलं आणि त्यांनी एकेकाला हो म्हटलं. मग थोडं थांबून ते म्हणाले, “मग पोरीचं लग्न राहिलं ना. आणि तो पोरगा हायवेवर गाडी चालवतो. आईचं बीपी. विहीर यंदा तळ गाठील असं वाटतंय.” एका काळजीचं उत्तर मिळालं की तिच्या जागी दुसरी उभी. निदानाची दिशा मला तिथेच दिसली.

अण्णा आणि नाना

पुढच्या भेटीला अण्णा सोबत आले. तेच आभाळ, तीच माती, जवळपास तेवढंच कर्ज. गेल्या हंगामात ढगाळ हवामान लागलं तेव्हा अण्णाही दोन रात्री जागले होते. पहाटे ब्लोअर काढला, फवारणी केली, लेबर लावून दाटलेली पानं काढली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून दोन तास घोरत पडले. काळजी त्यांनाही होती. तिने त्यांना उठवलं, कामाला लावलं, काम झाल्यावर ती सरली.

नानांची काळजी कामापाशी थांबत नव्हती. फवारणी करून झाल्यावर ती वाढायची : औषध नीट बसलं का, प्रमाण चुकलं का, रात्री दव पडून धुतलं गेलं तर? म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फवारणी. निर्यातीच्या मालात औषधांचे अंश ठरावीक मर्यादेतच चालतात, आणि प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी व काढणी यांत किती दिवस जायला हवेत हेही ठरलेलं असतं. नाना हे सगळं माझ्यापेक्षा कितीतरी जास्त जाणत होते. तरी सल्लागाराने दिलेल्या वेळापत्रकाबाहेर त्यांच्या फवारण्या होत होत्या. बाग वाचवायला निघालेली काळजी आता बागेलाच धोका करत होती.

काळजी आजार कधी होते, हे ठरवताना संकट खरं आहे की नाही यावर मी अडून बसत नाही. काळजीतून एखादं काम निघतं का आणि ते झाल्यावर ती ओसरते का, हे बघते. ती एका विषयाला धरून राहते की विषय संपला तरी नवा शोधते? आणि ती माणसाकडून काय काढून घेते : झोप, भूक, पोराशी असलेलं नातं, हातातलं काम? अण्णांचं उत्तर एक आणि नानांचं दुसरं. दोघे एकाच बांधावर उभे असल्यामुळे फरक इतका स्वच्छ दिसला, की वहिनींना माझ्या कुठल्याच व्याख्येची गरज पडली नाही.

व्याख्या आहेतच. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार सर्वव्यापी चिंताविकारासाठी किमान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक विषयांवर आवरता न येणारी अतिरिक्त काळजी असावी लागते. सोबत अस्वस्थता, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायूंचा ताण, झोपेची तक्रार या सहांपैकी किमान तीन लक्षणं, आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात अडथळा. नानांना सहाही होती. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची छोटी चाचणी असते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, एकूण गुण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. नानांचे १७ आले. चाचणी निदान करत नाही, पण पुढे सुधारणा मोजायला सुरुवातीचा आकडा हाताशी लागतो.

बाकीच्या शक्यता

चिंता म्हणण्याआधी तिच्यासारखं दिसणारं दुसरं काही नाही ना, हे बघायलाच हवं. थायरॉइड वाढलं तरी धडधड, घाम, हातांना कंप आणि निद्रानाश होतो. नानांचं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, व्यवस्थित होतं. हिमोग्लोबिन चांगलं होतं. दारू नाही. चहा मात्र दिवसाला आठ-नऊ कप, शेवटचा रात्री दहाला.

शेतकऱ्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो बरेचदा राहून जातो : कीटकनाशकाची बाधा. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांनी घाम, मळमळ, चक्कर, अशक्तपणा, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं अशी लक्षणं येतात, आणि तोंडाला साधा रुमाल बांधून फवारणी करणारे अजूनही पुष्कळ आहेत. नानांची लक्षणं फवारणीच्या दिवसांशी जुळत नव्हती. मे महिन्यातही ती तशीच होती. या औषधांची बाधा झाली की रक्तातलं कोलिनेस्टरेझ कमी होतं; फिजिशियननी ते तपासून घेतलं, तेही ठीक निघालं.

मग नानांनी विचारलं, “सगळं ठीक आहे तर मुंग्या कशाच्या?” या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं होतं. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग शरीराला सावध करतो. ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, पचन मंदावतं, स्नायू आवळतात, श्वास भराभर होतो. पळायचं किंवा लढायचं असेल तर हे सगळं उपयोगी. पण ओट्यावर नुसतं उभं राहून भराभर श्वास घेतला, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्याने बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मी त्यांना तिथेच दोन मिनिटं मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला. हृदयाचे रिपोर्ट चांगले असल्यामुळेच हे करता आलं. मुंग्या आल्या. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, “हेच की.” वर्षभराच्या रिपोर्टांनी जे झालं नव्हतं ते इथे झालं : लक्षण खरं आहे आणि ते प्राणघातक नाही, या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच वेळी पटल्या.

औषधांच्या कपाटाची किल्ली

पहिल्याच भेटीत मी वहिनींना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि नानांना सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का? असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती घरच्यांना वाटते आणि कधी डॉक्टरांनाही. तसं होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. उलट बोलायला वाट मिळते. नाना खाली बघून म्हणाले, “तसं काही करणार नाही. पण झोपलो ते सकाळी उठलोच नाही तर बरं, असं वाटतं कधी कधी.”

योजना नव्हती, आधी कधी प्रयत्न नव्हता. तरी ज्या घरात कीटकनाशकं हाताशी आहेत, तिथे एवढं वाक्यसुद्धा हलकं घ्यायचं नसतं. आत्महत्येचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात साधन हाताला लागलं नाही तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. नानांच्या संमतीने अण्णांना बोलावलं. फवारणीची औषधं ओसरीतल्या फडताळातून काढून अण्णांच्या शेडमधल्या लोखंडी कपाटात गेली, किल्ली अण्णांकडे. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर. वहिनींच्या मोबाइलमध्ये टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक घातला. ही केंद्र सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, आणि मराठीत बोलता येतं.

मुळाशी काय होतं

२०१० साली वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते. नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी बागायतदारांना त्याचा फटका बसला, त्यांत नाना होते. बागेचा कारभार त्यांच्या हाती नुकताच आला होता. माल चांगला होता, मेहनतीत कसर नव्हती, आणि तरी पैसा गेला. त्यातून त्यांनी मनाशी एक गाठ बांधली : मी बेसावध राहिलो म्हणून हे झालं, आता एक क्षणही बेसावध राहायचं नाही.

ही गाठ बऱ्याच चिंताग्रस्त माणसांत सापडते. काळजी करणं म्हणजे राखण करणं, असं त्यांना आतून वाटतं. वाईट घडलं नाही तर श्रेय काळजीला जातं. घडलं तर काळजी कमी पडली असं ठरतं. दोन्हीकडून काळजीच वाढते. त्यात भर अनिश्चितता न सोसण्याची. तिसरं ॲप उघडलं की मिनिटभर बरं वाटतं, पोराने फोन उचलला की तासभर, वहिनी ‘काही होणार नाही’ म्हणाल्या की थोडा वेळ. हा दिलासा विरला की पुन्हा विचारावं लागतं, आणि दर खेपेला त्याचा टिकाव कमी होतो.

उपचार

मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम हे चिंतेवरचं औषध पाच मिलिग्रॅमने सुरू करून दहावर नेलं. ही औषधं लागू पडायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत काहींची अस्वस्थता थोडी वाढते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण पाचव्या दिवशी गोळी सोडतो. नानांना सांगितलं होतं, तरी सहाव्या दिवशी त्यांचा फोन आलाच.

चौकशीत कळलं, की शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते काही महिने रात्री अल्प्राझोलाम घेत होते, चिठ्ठीशिवाय आणलेलं. ही गोळी पटकन शांत करते, म्हणूनच तिची सवय लागते, आणि सवय लागल्यावर एकदम बंद केली तर चिंता उसळते, क्वचित फिटही येते. त्यामुळे ती तज्ज्ञांनी काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी केली. झोपेसाठी घरोघर फिरणाऱ्या या गोळीविषयी नाशिकच्या ग्रामीण भागात मोकळेपणाने बोलायची फार गरज आहे.

माझ्याकडचं काम वहीने सुरू झालं. दिवसभरात आलेली काळजी जागेवर न सोडवता दोन शब्दांत टिपायची, आणि दिवेलागणीच्या आधी अर्धा तास बसून सगळ्या एकदम बघायच्या. त्यांत दोन रकाने : आज हाताने करता येण्यासारखं, आणि आभाळाच्या हातातलं. पहिल्या रकान्यातलं काम करायचं. दुसऱ्याला नुसतं वाचायचं आणि वही मिटायची. पहिले पंधरा दिवस नानांना हे पोरखेळ वाटलं. महिन्याने आम्ही मागची पानं काढली. बहुतेक काळज्या खऱ्या झाल्याच नव्हत्या; पण नानांना लागलं ते दुसरंच. ज्या थोड्या खऱ्या झाल्या होत्या (मोटार जळाली, आईला एक दिवस ॲडमिट करावं लागलं), त्यांतली एकही पहाटे तीनच्या जागरणाने टळली नव्हती, आणि प्रत्येक वेळी नानांनी जे करायचं ते व्यवस्थित केलं होतं.

फवारणीसाठी नियम आधीच कागदावर लिहून घेतला. बागेची अवस्था कोणती, पाऊस किती, पानं किती तास ओली राहिली, यावर सल्लागाराबरोबर बसून त्यांनी ठरवलं की फवारणी कधी करायची आणि कधी नाही. हा कागद मन शांत असताना लिहिलेला असल्यामुळे मन अशांत असताना पाळायचा. हवामान एकाच ठिकाणी, दिवसातून दोनदा.

सगळ्यात अवघड गेला तो मुलाचा फोन. ठरलं असं, की रात्री नऊला एकदा बोलायचं, नंतर फोन नाही. पहिल्या आठवड्यात नाना घामाघूम व्हायचे. वहिनींना मी सांगितलं होतं, की त्यांनी विचारलं तर ‘काही होणार नाही’ म्हणू नका, ‘वहीत लिहा’ एवढंच म्हणा. त्या एकदा रडल्या माझ्यासमोर. “माणूस तळमळतंय आणि मी धीर पण द्यायचा नाही? मी दगड झाले का मॅडम?” त्यांचं दुःख अगदी खरं होतं. दिलासा न देणं म्हणजे सोबत न देणं नव्हे, हे आम्ही तिथे बसून ठरवलं : जवळ बसायचं, पाठीवर हात ठेवायचा, चहाऐवजी दूध द्यायचं, पण भविष्याची हमी द्यायची नाही, कारण ती कुणाकडेच नसते. तिसऱ्या आठवड्यात मुलानेच आपणहून फोन केला. बऱ्याच दिवसांनी बापलेक कॉलेजविषयी बोलले.

पुढचा हंगाम

ऑक्टोबर छाटणीच्या वेळी जीएडी-७ चे गुण सहावर होते. मग ऐन फुलोऱ्यात दोन दिवस अवकाळी झाला. नाना दोन्ही रात्री जागे होते. कागद बघून फवारण्या केल्या, वेळापत्रकाबाहेरची एकही नाही. काही घड गेले. त्या आठवड्यात गुण नऊवर गेले, आणि वहिनींनी घाबरून फोन केला, की आजार उलटला. मी विचारलं, आज रात्री झोपले का? म्हणाल्या, हो, जेवून लगेच. मी म्हटलं, मग उलटला नाही. फुलोऱ्यात पाऊस आल्यावर ज्याला काळजी वाटत नाही असा बागायतदार मी अजून पाहिलेला नाही, आणि नानांना तसं करणं हे आमचं उद्दिष्टही नव्हतं. पंधरा दिवसांत गुण पुन्हा सहावर आले.

पूर्ण बरं वाटू लागल्यावरही हे औषध सहा ते बारा महिने चालू ठेवतात, आणि मग हळूहळू कमी करतात. नानांचं ते हंगामात कमी करायचं नाही, खुडा झाल्यावर बघू, असं ठरलं होतं. मार्चमध्ये माल उतरला. मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं आहे. गोळी लग्नाआधी कमी करायची की नंतर, हे विचारायला नाना परवा स्वतः एकटे आले होते. तज्ज्ञांनी लग्नानंतर, जूनमध्ये, असं सांगितलं आहे. कपाटाची किल्ली तोपर्यंत अण्णांकडेच राहील. तसं नानांनीच सुचवलं.